कागदावरचा ठिपका

मी सोलापुरात शाळेत चित्रकला शिकवतो. मोहोळजवळ आमची शेती आहे. आजोबांच्या बोरी काढून वडिलांनी तिथं डाळिंब लावलंय. एका सुट्टीत मी त्या बागेत बसून पेस्टल खडूंनी चित्र काढलं आणि मोठ्या हौसेनं वडिलांपुढं धरलं. त्यांनी चष्मा लावला. रंगांबद्दल एक शब्द नाही. खालच्या फांदीवरच्या एका फळाजवळ बोट नेऊन म्हणाले, "ह्यो काळा ठिपका तुज्या मनाचा का झाडावरचा?"

मला आठवेना. फळाला गोलाई यावी म्हणून मी गडद रंग दाबला असेल, नाहीतर खरंच तिथं काही दिसलं असेल. डाळिंबावर तेल्या रोग असाच सुरू होतो, एका तेलकट काळ्या डागानं, आणि बघता बघता बाग जाते. शेजारची मागच्याच वर्षी गेली होती. मला माझाच राग आला. दोन तास त्या झाडासमोर बसलो आणि नेमकं काय बघितलं ते सांगता येईना.

चित्र हातात धरून आम्ही ओळीओळीनं ते झाड शोधलं. वडिलांनी त्याचं एकेक फळ फिरवून पाहिलं. सगळी फळं स्वच्छ निघाली. तरी त्यांनी आजूबाजूची चार झाडं तपासलीच.

घरी येऊन चित्र भिंतीला लावायला घेतलं, तर त्यावर तो ठिपका नव्हता. वडिलांच्या अंगठ्याला काळा रंग लागला होता.

"झाडावर न्हाय," ते म्हणाले, "मग घरात तरी कशाला ठिवायचा?"