कोमलचा श्वास कोंडला तवा

दोन हजार चोवीस साल. मी सत्तरी पार केली होती. वाशीमच्या सरकारी दवाखान्यात माझी नात कोमल माझ्या खांद्यावर मान टाकून बसली होती, अन् समोर डॉक्टरीणबाई तिचे कागद पाहून राह्यल्या होत्या.

"आजोबा, हिच्या हृदयाला काहीही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "ईसीजी चांगला आहे, थायरॉईड चांगला आहे. रक्त थोडं कमी आहे, ते गोळ्यांनी भरून निघेल. हिला जे झटके येतात त्यांना पॅनिक अटॅक म्हणतात. आणि त्याच्या मुळाशी डिप्रेशन आहे."

मी म्हटलं, "बाई, मी दुसरी शिकेल माणूस. मले उमजन असं सांगा."

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "समोर वाघ उभा राहिला तर तुमची छाती कशी धडधडेल? श्वास कोंडेल, हातापायाला मुंग्या येतील, वाटेल आता मेलो. पॅनिक अटॅकमध्ये वाघ नसताना तसं होतं. आणि डिप्रेशन म्हणजे मनाचा आजार. जेवण, झोप, अभ्यास, कशातच जीव लागत नाही. हे नाटक नाही आणि बाहेरचंही काही नाही. जसा मलेरिया, तसा हा आजार. बरा होतो."

तुमच्या घरी कोणाची पोरगी अशी गप बसली असन तर हे शब्द ध्यानात ठेवा. आमाले ते ऐकायले दोन महिने लागले.

सुरुवात श्रावणात झाली. कोमल दहावीत. आमचं गाव मेडशीच्या अलीकडं, शाळा मोठ्या गावी, एसटीनं जायाचं. एक दिवस वर्गाच्या बाईंनी तिले धडा मोठ्यानं वाचायले उभं केलं. दोन ओळी वाचल्या अन् आवाज गेला. छाती धरून खाली बसली. दोन पोरी तिले एसटीत घालून घरी घेऊन आल्या.

मग ते वाढतच गेलं. एसटी दिसली का हात गार पडायचे. जेवणाचं ताट तसंच सरकवायची. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राह्यची. आधी ती मले रोज संध्याकाळी वाचून दाखवायची. शाळेचं पुस्तक, भज्याच्या पुड्याचा कागद, बियाण्याच्या थैलीवरची अक्षरं, जे हाताशी लागन ते. मी काम करत ऐकायचो. ते बंद झालं. एक दिवस मी म्हटलं, "कोमल, काही वाच ना माय." तर म्हणे, "आबा, मले झोपू द्या. उठवूच नका."

उठवूच नका, हे मले बोचलं. पोराच्या तोंडून असं काही निघालं तर ते वाऱ्यावर सोडू नका. मी सोडलं नाही.

बाजाराच्या गावी एका डॉक्टरनं सलाईन लावलं अन् मले बाजूले घेऊन सांगतलं, "काही नाही हिला, नाटक करते. लग्न लावून द्या, नीट होईल." शेजारच्या बायजानं कडुलिंबाचा डहाळा फिरवला. मी त्याले नाही म्हटलं नाही. पण डहाळ्यानं पोरगी उठली नाही, अन् त्या डॉक्टरच्या बोलण्यानं तर अजूनच मिटली. म्हणून वाशीम.

तिथं ते वाघाचं सांगून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मले बाहेर बसायले सांगतलं. मले राग आला. "मी तिचा आजा आहे, काहून बाहेर?" बाई म्हणाल्या, "आजा आहात म्हणूनच. तुम्हाला त्रास होईल असं काही ती तुमच्यासमोर बोलणार नाही."

मी व्हरांड्यात बसलो. लय वेळ बसलो. माझ्या बाजूले एक मुसलमान बाई तिच्या लेकाले घेऊन आली होती. पोरगा बारावीचा, सारखा हात धुवायले नळावर पळे. ती म्हणाली, "चाचा, पैले वाटलं का एवढ्या गावात आमचाच एक असा आहे." मी म्हटलं, "मले पण तसंच वाटलं." अन् आमी दोघं त्या रांगेकडं पाह्यलं. सगळी पोरंच होती. अंगावरचे कपडे पाह्यले तरी समजत होतं कोण कोणत्या घरचं.

मग बाईंनी मले आत घेतलं अन् कोमलले विचारून तिच्यादेखत सांगतलं.

ते सांगायच्या आधी आमी कोण ते सांगतो. आमी मांग. कागदावर मातंग लिहितात, मले दोन्ही चालते. आमच्या घरात शिंदीचे फडे बांधतात. फडा म्हणजे झाडू, तुमी केरसुणी म्हणत असान. शिंदीची पानं कापायची, वाळवायची, चिरायची, पाण्यात भिजवून मूठ बांधायची. दिवाळीत लक्ष्मीपूजनाले हाच फडा हळदीकुंकू लावून पूजतात. साऱ्या गावाच्या देव्हाऱ्यापुढं माझ्या हातची लक्ष्मी असते. या गोष्टीचा मले गर्व होता. अजूनही आहे.

मागच्या साली शाळेत स्वच्छतेचा कार्यक्रम होता. कोमलच्या शाळेले काही तरी आपलं द्यावं असं मले वाटलं. निवडून निवडून पानं घेतली, मुठीले लाल दोरा गुंडाळला अन् फड्यांचा भारा डोक्यावर घेऊन मी शाळेत गेलो. मोठ्या सरांनी मले हार घातला. कोमलले पुढं बोलावलं, तिच्या हातात फडा दिला अन् फोटो काढला. श्रमाचा मान असतो म्हणून भाषणही केलं. मी फुलून घरी आलो.

तो फोटो शाळेच्या फळ्यावर लागला. अन् त्या दिवसापासून तिचं नाव पडलं, फडा. "फडा आला रे." "ए फडा, बाक झाड." वर्गाच्या पोरांचा मोबाईलवर गट आहे, त्यात तोच फोटो फिरे. हॉल झाडायची पाळी सगळ्या पोरींची होती, ती हळूहळू एकट्या कोमलची झाली. "तुला जमतं ना, तुमच्या घरचंच काम आहे." हे बोलणारे काही वाईट माणसं नव्हते. हसत बोलत होते. वाचायले उठली त्या दिवशी मागच्या बाकावरून कोणी तरी फडा मारल्यासारखा आवाज काढला, सर्र सर्र. वर्ग हसला. अन् तिचा श्वास कोंडला.

मी बाईंना म्हटलं, "तुमी तर म्हणत होत्या वाघ नाही. हा काय आहे मग?"

बाई म्हणाल्या, "खरं आहे आजोबा. वाघ आहे. गोळ्यांनी तिला उभं राहायला बळ येईल. वाघाचं काय करायचं ते तुम्हा सगळ्यांना बघावं लागेल."

त्या बाईले मी तिथंच मानलं. डॉक्टर माणसानं आपलं बोलणं मागं घेतलेलं मी पैल्यांदा पाह्यलं.

गोळ्या सुरू झाल्या. पैल्या दिवसांत काही फरक पडत नाही, उलट तोंड कोरडं पडते अन् झोप येते, हे बाईंनी आधीच सांगतलं होतं. तरी मी एकदा डबी उचलून फेकाले निघालो होतो. फेकली नाही. तुमीही फेकू नका, अन् बरं वाटलं म्हणून मधातच बंदही करू नका. दुसरी गोष्ट कौन्सिलिंग. म्हणजे बसून बोलणं. तिथली ताई तिले श्वास मोजायले शिकवे. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मी पण शिकलो. दवाखान्यात बाकावरचे लोक हसले, हसू द्या.

पण घरी येताना एसटीत कोमल म्हणाली, "आबा, तुमी फडे बांधनं सोडून द्या."

"काहून?"

"मले लाज वाटते."

माझ्या तोंडावर कोणी असं बोललं नव्हतं. मी म्हटलं, "चोरी करतो का मी? दारू विकतो का? लाज त्यायले वाटली पायजे. मी सोडत नाही."

ती खिडकीकडं वळली.

घरी माझा लेक गजानन अन् सून सुनंदा, कोमलचे मायबाप. दरसाल दिवाळी झाली का ते ऊसतोडीले जातात. गजाननानं सरळ सांगतलं, "बाबा, दिवाळीपर्यंत ती शाळेत गेली तर गेली. नाही तर आमच्यासंगं ट्रकात बसन. इथं तिले भिंतीकडं पाहत सोडून मी नाही जात. तिकडं कोयता धरन, माणसात राहीन. अन् तिच्या आत्यानं धनजचं एक स्थळ सांगतलं आहे."

मी म्हटलं, "ती कुठं जात नाही."

"मग शाळेत पाठवून दाखवा."

तो काही दुष्ट नाही. पोरीच्या काळजीनंच बोलत होता. पण ट्रकात बसलेली पोर परत दहावीत येत नाही, हे त्याले माहीत होतं अन् मलेही.

गोळ्या लागू पडल्या. कोमल अर्धी भाकर खाऊ लागली, अंगणात येऊन बसू लागली. पण दप्तराले हात लावेना. अन् मी समोर बसून फडे बांधे तवा मान फिरवून घे. मी बांधतच राह्यलो. हट्ट म्हणा. पण हात चालत असताना मी इचार करू लागलो. लाज नेमकी कशाची आहे? फड्याची, का फडा देतो त्या रीतीची?

आमची रीत अशी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी फडे डोक्यावर घेऊन घरोघर जायचो. घरचं कोणी बाहेर येऊन म्हणायचं, "काश्या, ठेव तिथं." माझ्या नातवाएवढं पोरगंही काश्याच म्हणे. मी पायरीखाली भुईवर ठेवायचो. मी बाजूले झालो का ते पाणी शिंपडून उचलायचे, अन् मग ती लक्ष्मी. माझ्या हातातून कोणी घेतली नाही. माझ्या बापाच्या हातातूनही नाही. जे मी उभ्या जन्मात गिळलं, ते या पोरीच्या नरड्यात अडकलं.

मी गावात सांगून टाकलं. औंदा मी फिरणार नाही. ज्याले लक्ष्मी पायजे त्यानं माझ्या अंगणात यावं अन् हातातून घ्यावी. भुईवर ठेवणार नाही.

लोक म्हणाले, बुढ्याचं डोकं फिरलं. एक जण म्हणे, "नातीसंगं तुमीही वाशीमले दाखवून या." मी म्हटलं, "दाखवलं. बाई म्हणे गावाले घेऊन या."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारपर्यंत कोणी आलं नाही. सुनंदा आत बोचकी बांधत होती, त्यात कोमलचाही ड्रेस होता. कोमल दाराशी बसून मले पाहत होती. मग काठी टेकत पाटलाघरची म्हातारी आली. हात पुढं केला, "दे रे काश्या." माझ्या हातातून फडा घेतला अन् म्हणे, "इतके वर्स मी भुईवरून उचलाले कायले वाकत होती रे? कंबर गेली ना माही!"

कोमल हसली. तोंडावर हात धरून, पण हसली. मग उठून माझ्या बाजूले येऊन बसली अन् फडे पुढं सरकवू लागली.

त्यानंतर लोक आले. सगळे नाही. अर्ध्या गावानं प्लास्टिकचे झाडू आणले. आणू द्या, त्यायची लक्ष्मी कारखान्यातली.

दिवस कलताना मोठे सर आले. ते आमच्याच गावचे. मोटरसायकल चालूच ठेवून म्हणाले, "काशीराम, दोन फडे ठेव त्या ओट्यावर, घेतो मी."

माझ्या बाजूले कोमलचा श्वास लागला. मले ऐकू येत होता. मी उठणार होतो, बोलणार होतो, जीभ टोकावर आली होती. पण तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ओठ हलत होते, चार आत, सहा बाहेर. मग दोन फडे घेऊन उभी राह्यली.

"सर, हातातून घ्या."

"अगं, हात गाडीवर आहेत माझे."

"मग गाडी बंद करा."

अंगणात माणसं होती. सरांनी इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. गाडी बंद केली. खाली उतरून दोन्ही हातांनी घेतले.

"शाळेत येत नाहीस तू?" ते हळूच म्हणाले.

"सुट्ट्या संपल्या का येईन. हॉल सगळ्या पोरींसंगं झाडीन, एकटी नाही. अन् तो फोटो काढून टाका."

"बघू."

"बघू नाही सर," मी बसल्याजागून म्हटलं. "काढा."

सर गेले तशी ती मटकन खाली बसली. घामानं भिजली होती, रडत होती. गजानन दारात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. आत गेला, बोचकं सोडलं, तिचा ड्रेस काढून दांडीवर टाकला.

आजार गेला असं मी म्हणत नाही. गोळ्या चालू आहेत, वाशीमले जानं चालू आहे, कधी कधी एसटीत अजूनही तिचा श्वास लागते. त्या डॉक्टरीणबाईचे, त्या ताईचे, अन् पाटलाघरच्या म्हातारीचे उपकार मी मानतो. दुसऱ्या कोणाचे मानत नाही.

दरसाल दिवाळीच्या पाडव्याले सकाळी आमी डालं, म्हणजे मोठी टोपली, घेऊन गावात जायाचो. लोक घरोघरचं उरलंसुरलं खाणं त्यात टाकत, त्याले दिवाळी मागनं म्हणत. पण त्या सालच्या पाडव्याले मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो. डालं अंगणात आणलं, पालथं घातलं, त्याच्यावर बसलो, अन् म्हटलं, "कोमल, आण पुस्तक. वाच. मोठ्यानं."