हलक्या हाताचा गिअर

माझ्या सासूबाईंना आमचा सगळा काठ ‘कप्तान’ म्हणतो. तळ्याच्या या बाजूला वस्ती, पलीकडे बाजार, दवाखाना आणि माझा नवरा काम करतो तो छापखाना. रस्त्याने जायचं तर केवढा तरी वळसा पडतो, म्हणून लोक आमच्या होडीत बसतात. सासरे गेले तेव्हा होडी विकून टाका असं सांगायला बरेच नातेवाईक आले होते. सासूबाईंनी सगळ्यांना चहा पाजला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहिली फेरी स्वतः मारली. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही.

होडीच्या मागे लावलेली मोटर माझ्या लग्नाच्याही आधीची. रंग उडालेला, झाकणाची कडी तुटली म्हणून ते दोरीने बांधलेलं. पण एका ओढीत सुरू व्हायची. गेल्या वर्षी वाऱ्याच्या दिवसांत मात्र तिने दगा द्यायला सुरुवात केली. गिअर पुढे टाकला की होडी छान निघायची आणि मध्यावर वेग वाढवला की खालून ठक्क आवाज यायचा. गिअर आपोआप सुटायचा. मोटर नुसती किंचाळायची, होडी जागच्या जागी.

एकदा भरल्या होडीत, दगडी धक्क्याजवळच हे झालं. वारा आम्हाला दगडांवर ढकलत होता. सासूबाईंनी मोटर बंद केली, एक वल्हं स्वतः घेतलं, दुसरं शेजारी बसलेल्या पाववाल्याच्या हातात दिलं आणि “माझ्याकडे बघून मारा” एवढंच म्हणाल्या. होडी नीट लागली. सगळे उतरल्यावर, उद्यापासून फेरी बंद, सुरू झाली की कळवते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

त्यांच्या धाकट्या भावाचं, म्हणजे मामांचं, दुचाकीचं गॅरेज आहे. मामा आले, उभ्याउभ्या ऐकून घेतलं आणि निकाल दिला: गिअरबॉक्स संपला, नवी मोटर घ्या.

“पोट दुखतंय म्हणून कुणी माणूस बदलतं का?” सासूबाई म्हणाल्या. “आधी वरून बघू, मग खाली जाऊ.”

झाकण काढलं. मी लिव्हर पुढेमागे करायची आणि केबल जिथे मोटरला जोडलेली असते तिथे सासूबाई डोळा लावून बसलेल्या. माझी लिव्हर पूर्ण पुढे गेली तरी तिकडचा दांडा थोडा अलीकडेच थांबत होता. केबल जुनी, सैल पडलेली. त्यांनी नट ढिला करून तिची लांबी जमवली. लिव्हर मधोमध असताना पाण्यातला पंखा हाताने सहज फिरला पाहिजे, पुढे टाकली की अडला पाहिजे. दोन्ही झालं. मामांनाही मान डोलवावी लागली.

दुसऱ्या दिवशी रिकामी होडी घेऊन आम्ही तिघं निघालो. मध्यापर्यंत झकास. वेग वाढवला आणि पुन्हा ठक्क. मामा तोंडाने काही म्हणाले नाहीत, पण त्यांची मिशी म्हणालीच.

सासूबाई जराही खचल्या नाहीत. निदान केबलचा दोष नाही हे तरी कळलं, असं म्हणत त्यांनी परत येताना सबंध वाट वल्हं मारलं.

मग मोटर मागच्या पडवीत लाकडी घोडीवर चढली. खालचं तेल काढायला त्यांनी माझं भाजी धुवायचं पातेलं घेतलं. मी डोळे मोठे केले, त्यांनी काणाडोळा केला. तेल काळं होतं. पाणी शिरलं असतं तर ते दुधाळ झालं असतं. पण बोटावर चोळलं तर त्यात बारीक चमक दिसली. आत लोखंड झिजत होतं.

खालचा भाग उघडायचं काम मामांचं. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. आत दोन गिअर समोरासमोर बसलेले, एक पुढे जाण्यासाठी आणि एक मागे जाण्यासाठी. त्यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना दात असलेलं एक जाड कडं सरकतं आणि ज्याला पकडेल त्या दिशेला होडी जाते. या दातांचे कोपरे काटकोनात हवेत. पुढच्या बाजूचे कोपरे मात्र वापरलेल्या साबणासारखे गोल झालेले, म्हणून जोर येताच पकड सुटत होती.

मामांनी ते कडं बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. मग बहिणीला म्हणाले, “ताई, तू गिअर कसा टाकतेस, दाखव बरं.”

सासूबाईंनी लिव्हर हळूहळू पुढे सरकवली. बाळ झोपलेल्या खोलीचं दार लोटावं, तशी.

“इथेच घोडं पेंड खातंय,” मामा म्हणाले. “हळू ढकललं की दात दातावर घासत राहतात. मोटर मंद करायची आणि गिअर एका झटक्यात टाकायचा. तुला असं शिकवलं कुणी?”

आणि बोलून गेल्यावर त्यांनाच उत्तर कळलं. त्यांनी कडं खाली ठेवलं. सासरे त्या मोटरला फुलासारखं जपायचे. ‘हळू, हळू’ हा त्यांचा शब्द मी स्वतः किती वेळा ऐकलेला. मला वाटलं, आता सासूबाई उठून आत जातील.

त्या उठल्या नाहीत. “काठावर कुणी बाईच्या हातात वल्हंसुद्धा देत नव्हतं, तेव्हा यांनी मला मोटर दिली,” त्या म्हणाल्या. “त्यात एक गोष्ट चुकीची शिकवली. चालायचंच. पुढचं बोल.”

पुढचं असं की कड्याच्या मागच्या बाजूचे दात नव्यासारखे होते, कारण मागे जायची वेळ फक्त धक्क्यापाशी येते. दोन्ही बाजू सारख्या असल्याने कडं उलटं करून बसवता येत होतं. पुढचा गिअरही झिजलेला. तो मामांनी भंगारवाल्याकडच्या तसल्याच एका मोटरमधून मिळवला. मागे जाताना आता झिजकी बाजू लागणार, याची त्यांना काळजी वाटत होती. सासूबाईंना नव्हती. मागे हातभरच जायचं असतं, पुढे मात्र रोज जायचंय, असा त्यांचा हिशेब.

पाणी अडवणारी नवी सीलं, नवं तेल, आणि पाण्याच्या पिंपात मोटर उभी केली. खरी अडचण तिथे आली. हाताला इतक्या वर्षांची सवय. गिअर हळू गेला की करकर व्हायची आणि सासूबाई स्वतःवरच चिडायच्या. दुपारभर त्यांनी तेच केलं: मोटर मंद, मनगट ताठ, खट्. संध्याकाळपर्यंत दर वेळी नुसतं खट् ऐकू येऊ लागलं. मग मला उभं केलं. माझ्या हाताला जुनी खोड नव्हती, मला लवकर जमलं. तसं त्यांनी मामांसमोर सांगितलंही, आणि मी पातेल्याचं विसरले.

पहिल्या फेरीला वारा होताच. मध्यावर त्यांनी वेग पूर्ण वाढवला. होडीने नाक उचललं आणि ती पाणी कापत सरळ धक्क्यापर्यंत गेली. नवी मोटर घेतली का, असं एका मास्तरीणबाईंनी उतरताना विचारलं.

“नाही हो, मोटर तीच,” सासूबाई म्हणाल्या. “चालवणारी जरा सुधारली.”

आता दुपारच्या फेऱ्या माझ्याकडे असतात. परवा सासूबाई पिशवी घेऊन बाजाराला निघाल्या आणि चक्क पुढच्या बाकावर, माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी गिअर टाकला. सगळी वाट त्या शेजारणीशी कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिल्या. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.