साळिंदराच्या वतीने

त्या जागी मी पहिल्यांदा गेले ती खोट काढायला. टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडहून तासाभराच्या अंतरावर, लोकांनी हौसेने पाळलेल्या आणि मग नकोशा झालेल्या परदेशी प्राण्यांना सांभाळणारं एक केंद्र आहे. तिथे पाहुण्यांना प्राण्यांना हातही लावू देतात, हे कळल्यावर माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आधी एकाने हौसेसाठी कोंडायचं आणि आता दुसऱ्याने फोटोसाठी! मुलगा कॉलेजला गेल्यापासून शनिवार मोकळे होते. नवऱ्याशी भांडण्यात मजा नाही, तो लगेच कबूल होतो.

मी सगळीकडे नाक खुपसलं. पाण्याची भांडी बघितली, कोपरे हुंगले, कोणाचे केस झडलेत का ते पाहिलं. काही सापडेना, तशी मी जास्तच चिडले. मग लक्षात आलं की प्रत्येक आवाराला मागे एक दार आहे, ते प्राण्याच्या खोलीत उघडतं आणि पाहुणे असताना ते कधीच बंद करत नाहीत. मनात आलं तर प्राणी बाहेर येणार, नाही आलं तर आत जाणार. त्याने पाठ फिरवली की भेट संपली. खाऊ दाखवून बोलवायचं नाही, भेटीआधी उपाशी ठेवायचं नाही, उचलायचं तर मुळीच नाही. शिवाय प्राण्यांचे नकार एका वहीत लिहायचे. एकाच प्राण्याने लागोपाठ नकार दिले की त्याला सुट्टी आणि डॉक्टरची फेरी. कोणाचे नकार कोणी इतक्या आदराने लिहून ठेवतं, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. पुढच्याच शनिवारी मी तिथे स्वयंसेवक म्हणून रुजू झाले.

कित्येक महिने मी लेंड्या काढल्या, रताळी चिरली, हौद घासले. तिथल्या साळिंदराशी माझी गट्टी जमली. कोणीतरी त्याला अपार्टमेंटच्या बाथरूममध्ये वाढवलं होतं. आता त्याला उकरायला माती होती आणि कुरतडायला ओंडका, आणि दोन्हींचा ते मनसोक्त समाचार घ्यायचं. पाहुण्यांना त्याच्या आवारात मी न्यावं, एवढीच माझी इच्छा होती. पण त्यासाठी परीक्षा होती, आणि पहिल्या खेपेला मी नापास झाले. एका म्हाताऱ्या बाईंनी गोड आवाजात "फक्त एकदा" म्हटलं, आणि साळिंदर पाठ फिरवून उभं असताना मी त्यांच्या हातात रताळ्याचा तुकडा दिला. केंद्र चालवणाऱ्या बाई साठीच्या, गमबूट घालून फिरणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. त्या इतकंच म्हणाल्या, "त्याने नाही म्हटलेलं तुला कळलं होतं, तरी तू गप्प बसलीस." आणखी एक संधी मिळणार होती. ती गेली की कायम लेंड्या.

मला झोंबलं, कारण ते खरं होतं. मी दुकानदारांशी भांडेन, बँकेशी भांडेन, पण वडीलधाऱ्यांसमोर माझी वाचा बसते. आग्रह करायचा आणि आग्रह झाला की मान डोलवायची, हेच मला लहानपणापासून येतं.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी फाटकातून आत आले ते आमच्या मराठी मंडळातले ज्येष्ठ काका, आठ वर्षांच्या नातीचं मनगट धरून. माझा नवरा अमेरिकेत आला तेव्हा पहिला महिना यांच्याच घरी राहिला होता.

"अरे वा, आपलीच निघाली!" काका खूश झाले. "आता काय, व्हीआयपी ट्रीटमेंट!"

मी नियम सांगितले, त्यांनी मान हलवली. केंद्राच्या बाई कुंपणापलीकडे परीक्षेचा कागद घेऊन उभ्या होत्या. साळिंदर बाहेर आलं, मातीत दोन फेऱ्या मारल्या आणि आमच्यापासून चार हातांवर थांबलं. लगेच काकांनी नातीला पुढे ओढलं. "हात लाव, हात लाव, मी फोटो काढतो." साळिंदराने पाय आपटले. पाठ वळवली, सगळे काटे ताठ उभे राहिले आणि शेपटीचे पोकळ काटे खुळखुळ्यासारखे वाजायला लागले.

"काका, भेट संपली," मी म्हणाले. आवाज इतका बारीक, की मलाच धड ऐकू आला नाही.

"अगं, दोन मिनिटं! तासभर ड्राइव्ह करून आलोय. त्याला एक कणीस दाखव ना, पळत येईल."

"नाही काका. त्याला नकोय."

"त्याला काय कळतंय? तू आपली ना?"

बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं. माझे कान तापले, आणि मग माझा तो दुकानदारांसाठीचा आवाज आपोआप वर आला. "आत्ता मी त्याच्या बाजूची आहे, काका. दोन पावलं मागे या आणि तिचा हात सोडा."

काकांचा चेहरा लाल झाला. ते कुंपणाकडे वळले. "मॅडम, शी इज बीइंग व्हेरी डिफिकल्ट."

"इथे ती म्हणेल तसंच," बाई इंग्रजीत म्हणाल्या.

तेवढ्यात साळिंदर मागच्या दाराने आत निघून गेलं. मी वही उघडली आणि त्याचा नकार वेळेसकट लिहिला.

"आजोबा," नात हळूच म्हणाली, "आय डिडन्ट वॉन्ट टू टच इट. आय टोल्ड यू इन द कार."

काकांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. ते अजून त्यांच्याच हातात होतं. त्यांनी ते सोडलं.

बाईंनी कुंपणावरून माझ्या अंगावर केंद्राचा हिरवा शर्ट फेकला, परीक्षा पास झालेल्यांनाच मिळणारा. मी तिथल्या तिथे उडी मारली, बावन्नाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी. इतका आनंद मला माझ्या डिग्रीचाही झाला नव्हता.

मग मी दोघांना कासवाकडे नेलं. हे आफ्रिकेतलं, मोठ्या परातीएवढं, आणि मान खाजवून घ्यायची त्याला भारी हौस. काका नातीशेजारी वाकले. "तुला लावायचाय का गं हात?" तिने नीट विचार केला आणि म्हणाली, "येस." तिची बोटं टेकताच कासवाने मान लांबच लांब केली, आणि ती खुदकन हसली. काकांनीही हात पुढे नेला, मध्येच थांबवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मी लावू का?"

मी आधी कासवाकडे पाहिलं. मग म्हणाले, "लावा, काका."