तुरटी फिरवलेलं पाणी

तुरटीचा खडा दिसला की आजही माझं डोकं फिरतं.

शेगावातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी जिवंत जिवाणूंकडून पाणी तपासून घेते. हे जिवाणू अंधारात मंद उजेड देतात. तपासायचं पाणी त्यांच्यात मिसळायचं. पाणी विषारी असलं की थोड्याच वेळात उजेड ओसरतो. त्या बिचाऱ्यांना खोटं बोलता येत नाही. आपल्याला येतं ना, चांगलं येतं!

दादाच्या किडन्या बिघडल्या तेव्हा डॉक्टरांनी बोअरचं पाणी बंद करायला सांगितलं. तो कॅनचं पाणी आणू लागला. गावात कीटकनाशक फवारणीचे पंप त्या बोअरपाशीच धुतात, म्हणून मी सोनाळ्याला, आमच्या घरी, रिकामी बाटली पाठवली. स्वतः गेले नाही. असं कितीसं लांब होतं? पण नाही, बाईसाहेबांना वेळ नव्हता. वहिनीनं बाटली भरून दिली. उजेड जसाच्या तसा राहिला. मी ऐटीत सही ठोकून कागद धाडला, पाणी ठीक आहे म्हणून.

वर्षभरानं घरी गेले. दादाचे पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. वहिनी माझ्यासाठी हंड्यात तुरटी फिरवत होती. मी तिचा हात तिथंच धरला.

"वहिनी, तवा बाटलीत कोनतं पानी भरलं होतं?"

"बोअरचंच वो ताई. तुरटी फिरवली, वरचं गाळलं, उकळलं. साहेब लोकायले गढूळ पानी कसं पाठवू? आपली इज्जत गेली असती ना."

मी नको नको ते बोलले तिला. अक्कल गहाण ठेवली होती का, असंही ओरडले. ती रडू लागली तरी थांबले नाही. पण पाहुण्यांसाठी हंड्यात तुरटी फिरवायची ही रीत याच घरात मीही पाळत आले होते. 'जसं आहे तसं भर,' एवढं सांगायला माझी जीभ झडली होती काय?

बोअरचं पाणी मी स्वतः भरून नेलं. या वेळी उजेड गेलाच; तेव्हा विष तुरटीच्या गाळासोबत तळाशीच राहिलं होतं. लगेच दादाला फोन लावला.

"दादा, ते पानी पिऊ नोको. कॅनचंच पी."

"कॅन त कवाच बंद केली," तो म्हणाला. "तूच त लिहून देलं होतं. कागद अजून जपून ठेवला हाय मी, तुह्यी सही हाय त्याच्यावर."