सोलांच्या पाण्यातली बाराशे नाणी

कसालच्या तिठ्यावर दहाचं नाणं कोणी घेत नाही. का घेत नाही, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. कधीतरी कोणीतरी म्हणालं, "बंद झाली," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. रिक्षावाला घेत नाही, भाजीवाली घेत नाही, पानवाला तर नाणं दिसलं की आभाळाकडे बघतो. घेते ती एकटी आनंदीबाई. अकरा वर्षं झाली, हार्डवेअरच्या दुकानाच्या वळचणीला शेगडी मांडून ती घावणे विकते. भुकेल्या माणसाला नाण्यापायी परत पाठवणं तिच्या जिवावर येतं. मुलगा मंगेश कुरकुरला, तर तिचं उत्तर ठरलेलं: सरकाराचां नाणां सरकारच नको कसां म्हणतलां?

बरोबरच होतं तिचं. पण सरकार राहिलं लांब, मध्ये बँक होती ना!

यंदा ग्रामपंचायतीनं बाजारात सहा गाळे बांधले आणि चिठ्ठ्या टाकल्या. आनंदीबाईचं नाव निघालं. अनामत पंचवीस हजार, तीही ड्राफ्टनं, शुक्रवारी चारच्या आत. नाही भरली तर गाळा पुढच्या चिठ्ठीवाल्याचा. मंगेशच्या खात्यावर होते तेरा हजार. उरलेले बारा हजार घरात, तांदळाच्या डब्यात, दहा-दहाच्या नाण्यांत.

गुरुवारी ती नाणी घेऊन बँकेत गेली. कॅशियर गुरुदास इथलाच, पण खिडकीमागे बसला की पुण्याचा होतो. त्यानं एक नाणं दोन बोटांत धरलं. तेलानं आणि काजळीनं ते काळंकुळं झालेलं. मोजायला माणूस नाही, अशी कळकट नाणी तर मशीनही घेत नाही, स्वच्छ करून आणा मग बघू, असं म्हणून त्यानं पुढच्याला हाक मारली. ही ब्याद टाळायला बोलला होता तो. बाईनं ते खरं धरलं.

घरी येऊन तिनं काय करावं? कोकणातली बाई समई, निरांजन, पितळेची कळशी कशानं उजळवते? सोलांनी. तिनं मूठभर सोलं, म्हणजे वाळवलेली कोकमं, पाण्यात कुस्करली आणि बाराही शेकडे नाणी त्या बादलीत सोडली. चांगली मुरू देत म्हणून सकाळपर्यंत ठेवली. अहो, समई कोणी रात्रभर भिजवतं का? पण धांदलीत शहाणपण सुचत नाही. सकाळी बघते तर काजळी गेली होती आणि सोबत रंगही. नाण्याची पिवळी कड तांबूस गुलाबी झाली होती.

मंगेशनं कपाळावर हात मारला. आता तर खोटी म्हणून आत टाकतील, राहू दे तो गाळा, म्हणाला. आनंदीबाई घाबरली नव्हती असं नाही. पण तिनं शंभर-शंभरच्या बारा पिशव्या बांधल्या, सगळ्या एका थैलीत घातल्या आणि चप्पल पायात सरकवली. मंगेश कुरकुरत मागोमाग निघाला.

बँकेत नको तेच झालं. गुलाबी नाणी बघून गुरुदास दचकला आणि मॅनेजर संचिता मॅडमना बोलावून घेऊन आला. मॅडम घाटावरच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. ही नाणी घेता येणार नाहीत, म्हणाल्या. तेव्हा साडेबारा झाले होते. मागे रांग चुळबुळत होती. आनंदीबाईनं थैली काउंटरवर ठेवली आणि घरची बोली बाजूला सारून, शाळेत कविता म्हणावी तसं एकेक शब्द लावून शुद्ध मराठी बोलली.

"घेत नाही, असं लिहून द्या. कारण लिहा, सही करा, शिक्का मारा. मी इथेच बसते."

आणि ती खरंच बसली, बाकावर, थैली मांडीवर घेऊन. खोटी म्हणावीत तर खात्री नाही, खरी म्हणावीत तर बँकेला नाकारता येत नाहीत; लिहून कोण देणार? मॅडम आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. बाई हलेना. दीड वाजला. शेवटी मॅडमनी विचारलं, नाण्यांना झालंय तरी काय? बाईनं काही लपवलं नाही. कमरेच्या पिशवीतून सकाळच्या गिऱ्हाइकाचं न धुतलेलं नाणं काढलं, गुलाबीच्या शेजारी ठेवलं आणि सोलांची सगळी हकिगत सांगितली.

मॅडमना त्यातलं काही कळलं नाही. गुरुदासनं मात्र एक नाणं उचलून नाकाशी धरलं. आंबूस वास आला आणि त्याचं पुणं तिथेच गळून पडलं.

"गो काकी, समये घासतत तशे पैशे घासलंस?"

"तूच सांगलंस मां, स्वच्छ करून आणा म्हणान."

कान लाल झाले त्याचे. मॅडम, नाणी अस्सल आहेत, चूक माझी आहे, असं त्यानं सरळ सांगितलं. जेवणाचा डबा तसाच ठेवून तो पिशव्या सोडायला बसला. मशीनवर भरवसा न ठेवता हातानं मोजली त्यानं, दहा-दहाचे मनोरे लावून. बाराशे भरली. एक कमी नाही, एक जास्त नाही. ड्राफ्ट हातात पडला तेव्हा सव्वातीन झाले होते.

रिक्षा करून मायलेक पंचायतीत पोचली. लेखनिकानं ड्राफ्ट घेतला, पावती फाडली. बाहेर पायरीवर येऊन आनंदीबाईनं ती मंगेशच्या हातात दिली आणि वाच म्हणाली. वाचता तिलाही येत होतं. पण घर सासऱ्यांच्या नावावर, रेशनकार्ड नवऱ्याच्या, गॅसची टाकी मुलाच्या. तिचं नाव आजवर कशावर नव्हतंच.

"गाळा क्रमांक चार," मंगेश वाचू लागला, "धारक, श्रीमती आनंदीबाई लवू परब."

तिनं पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "परत वाच. जरा मोठ्यान."