तारीख न सांगणारा शिंपी

पनवेलच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान होतं. पुढे दुकान, मधे पडदा, मागे आम्हा नवराबायकोचं घर. पस्तिशीच्या आतच मला संधिवाताने धरलं. सकाळी उठलो की बोटं आखडलेलीच असायची. बायको परातीत गरम पाणी ओतायची, मी हात बुडवून बसायचो आणि एकेक बोट सोडवायचो. कधी चहा होईपर्यंत हात मोकळे व्हायचे, कधी दुपार उलटली तरी नाही. काल काय खाल्लं, हवा कशी होती, कुठल्या कुशीवर झोपलो, याचा मेळ मी पुष्कळ दिवस लावून पाहिला. तो कधी लागला नाही. डॉक्टरांच्या गोळीने ठणका कमी व्हायचा आणि पोटात आग पडायची.

खरी पंचाईत चांगल्या दिवसांनी केली. हात हलके असले की वाटायचं, गेलं दुखणं. मग येईल त्याला मी तारीख देऊन बसायचो.

अशाच एका दिवशी खाडीकाठच्या गव्हाणची एक बाई आली. घरचं मिठागर, लेकीचं लग्न तोंडावर. तिने चार पोलक्यांचं कापड पुढ्यात ठेवलं.

"शुक्रवारी न्यायला येन. रविवारी हळद हाय, मास्तर."

"शुक्रवारी या," मी म्हणालो, आणि त्याच दिवशी चारही पोलकी कापून ठेवली.

दुसऱ्या दिवशी उजवं मनगट सुजलं. त्याच्या पुढच्या दिवशी गुडघा धरला, म्हणजे मशीन चालवायचा पायही गेला. कापलेले तुकडे तसेच पडून राहिले. बुधवारी वाटलं, उद्या होईल. गुरुवारीही तेच वाटलं. निरोप धाडायला हवा होता. पण निरोप धाडायचा म्हणजे उद्याही काही होणार नाही असं आपल्याच तोंडाने म्हणायचं, आणि ते माझ्याने होईना.

शुक्रवारी सकाळी दुकानात तिचा आवाज आला. मी बायकोला खूण केली.

"ते बाहेर गेलेत," बायकोने सांगितलं.

"चपला तं हितंच हायत."

बाईने पडदा सारला. मी खाटेवर बसलो होतो, गुडघ्यावर शेकायची पुरचुंडी.

"आजारी हाय तं आदी का नाय सांगितलं, मास्तर?"

"आधी मला तरी कुठे माहीत असतं?" माझा आवाज नको तेवढा चढला. "सकाळी उठल्यावर कळतं. रोज."

ती रागावली होती आणि तिचं काही चुकत नव्हतं. तिने माझं सुजलेलं मनगट पाहिलं. मग बायकोकडे वळली.

"वैनी, तुमाला मशीन येतं?"

"सरळ शिवण येते. बाह्या नाही जमत."

"ते सांगतील. हात धरलाय, तोंड नाय धरलं."

दोघींनी मिळून माझी खाट पडद्यापाशी ओढली. बायको मशीनवर बसली. मी सांगत गेलो, बाई जमिनीवर फतकल मारून हुक लावत गेली. दोनदा मी बायकोवर खेकसलो. तिने टीप उसवली आणि परत घातली. दिवस कलायच्या आत चारही पोलकी झाली. एकाची एक बाही दुसरीपेक्षा वर चढली होती. ती उसवू या, असं मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. पदराखाली कोन बघतंय," म्हणत बाईने बोचकं बांधलं आणि होडी गाठायला निघाली.

तेव्हापासून मी तारीख सांगायचं सोडलं. "हात चालले तर लवकर, नाहीतर उशीर," एवढंच सांगायचो. बरीच गिऱ्हाइकं दुसऱ्या शिंप्याकडे गेली, थोडी राहिली. कापायचं काम माझं, तेही जमेल तेव्हा. मशीन बायकोचं झालं. स्वयंपाक, धुणंभांडी उरकून ती मशीनवर बसायची. आजार माझा होता, पण त्याच्या वेळा तिलाही पाळाव्या लागत.

दोनेक वर्षांनी एका दुपारी ती पाठ धरून उठली.

"पडतेस का जरा?" मी विचारलं.

"तुम्हाला निदान दुखतंय म्हणून बसता तरी येतं," ती म्हणाली. चिडून नव्हे, अगदी साध्या आवाजात.

मी कात्री उचलून पाहिली. उचलली गेली, म्हणून पुढचं कापड ओढून घेतलं.