पालीचं वजन

आमच्यात पाल अंगावर पडली तर डोक्यावरून पाणी घेतात. आन् ह्या घरात पाल काचेच्या पेटीत ठेवली होती, तिला जेवू घालायचं काम माझ्याकडं आलं.

हैद्राबादेत नल्लकुंट्याला पुण्याचं एक कुटुंब राहायला आलं होतं. त्यांच्याकडं मी दोन वेळचा स्वैपाक करायची. साहेब आन् ताई दोघंबी कंप्युटरच्या कंपनीत. सकाळी कंपनीची गाडी दारात यायची. पोरगी एकच, अकरा वर्षांची. पाल तिची. साहेबानं कंपनीतल्या कुणाकडून तरी आणली होती. बाहेरदेशची जात, लेपर्ड गेको म्हणायचे. मी पालच म्हणायची.

"मावशी, ही भिंतीवर चढत नाही. आणि हिला पापण्या आहेत, बघ ना!"

मी लांबूनच बघितलं. करंगळीएवढी, पिवळी, अंगावर काळे पट्टे. खरंच डोळे मिटून झोपली होती. भिंतीवरची पाल कवा डोळे मिटत नाही, टक लावून बघत राहती. ही लेकरासारखी झोपली होती. दुसऱ्या दिवशी मीच पेटीजवळ गेले.

तिचं खाणं म्हणजे जिवंत अळ्या. डब्यात कोंडा घालून त्या पाळायच्या, हाडासाठी पांढरी पूड लावायची आन् चिमट्यानं तिच्यापुढं धरायच्या. आख्खा जलम पिठातल्या अळ्या चाळून फेकल्या, आता अळ्यांसाठी कोंडा चाळायला लागले. खालचा वॉचमन हसायचा.

"क्या अम्मा, छिपकली की आया बन गई क्या तुम?"

"हौ. तेरे से कम खाती."

पेटीचा तळ नुसता काचेचा. एका कोपऱ्यात खालून करंटवर तापणारी चटई चिकटवली होती, पण वर काचच. एवढ्याशा जीवाचं पोट काचेवर टेकतंय, ते मला बघवंना. माझ्या जुन्या गोधडीचा तुकडा धुऊन आणला, तीन पदरी, मऊ झालेला, आन् आत अंथरला. पोरीनं टाळ्या वाजवल्या. पाल जाऊन त्याच्यावर बसली. मंग मी नारळाची करवंटी घासली, तिला दार कापलं आन् पालथी ठेवली. पोरगी म्हणली, "थोड्या दिवसांत हे घर तिला पुरणार नाही हं, मावशी. शेपटीसकट वीतभर होतात ह्या."

चार महिने झाले, करवंटी पुरतच होती. पाल खायची, थोडं थोडं, पण अंगाला लागायचं नाही. साहेबाच्या मित्राकडची हिच्याच वयाची पाल दुप्पट झाली म्हणे. पोरगी रडवेली व्हायची. दर ऐतवारी ती वाटीत पाल ठेवायची आन् वाटी ताईच्या केकचं पीठ तोलायच्या काट्यावर ठेवायची. आकडा वहीत लिहायची. मी तेवढा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहायची.

एकदा म्हणलं, "वाढत्या जीवाला सारखं तोलू नये, बाय."

"मग वाढतेय ते कळणार कसं?"

"डोळ्याला दिसतंय की."

"रोज बघणाऱ्याला दिसत नाही, मावशी. मी पण आईला रोज तेवढीच दिसते."

साहेब पेपर वाचत होते. "मावशींचं बरोबर आहे," म्हणले, "मलाही डॉक्टरनी काट्यावर उभं केलं की कमीपणा येतो." सगळे हसले. मी बी हसले आन् भाकरी थापायला गेले.

माझं काट्याशी काय होतं ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

लग्नाला आठ वर्षं झाल्यावर मला एकच पोरगी झाली. तवा आम्ही बिदरकडचं गाव सोडून हैद्राबादेत आलो होतो, नल्लकुंट्याच्या नाल्याकडंला एक खोली होती. आमचे मालक आझमाबादकडं कारखान्यात कामाला होते. पोरगी जल्मली तीच बारीक. सासूनं देवीला नवस बोलला, पोरगी पाच वर्षांची झाली की गावात नेऊन गुळानं तुला करीन. एका पारड्यात पोरगी, दुसऱ्यात गूळ, आन् तो गूळ गावाला वाटायचा. मला बजावलं, "तोवर तिला कुठल्याच काट्याला लावायची नाही. पहिला काटा देवीचा. आधी दुसऱ्यानं तोलली तर तुला उष्टी झाली."

मला ते पटलं. नैवेद्य कुणी आधी चाखतं का?

अंगनवाडीची बाई महिन्याला यायची. दाराच्या चौकटीला काटा टांगायची, खाली कापडाची झोळी, त्यात एकेक लेकरू घालायची. "अम्मा, पापनु तीस्कुरा," मला हाक मारायची, पोरीला आण म्हणून. मी म्हणायची, निजली. दुसऱ्या महिन्याला म्हणायची, गावाला गेली. पोरगी आत माझ्या लुगड्यामागं गप उभी असायची. शहाणी होती, आवाज करायची नाही. पुढं पुढं ती बाई माझ्या दारात थांबायचीच नाही.

मंग कारखाना बंद पडला. बाहेरचा माल सस्ता येतोय, आपला कोण घेतंय, म्हणून शेठनं कुलूप लावलं. घरात चहा आन् पाव, कधी पेज. पोरगी मागायची नाही. मला ती रोज तेवढीच दिसायची. पाडव्याला शिवलेला झगा दुसऱ्या पाडव्याला बी तसाच्या तसा बसला. मी शेजारणीला हौसेनं दाखवला, बघ गं, कापड कसं पुरलं.

त्या पावसाळ्यात ताप आला. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, "मागचं वजन किती होतं? कार्ड कुठं हाय?" कार्ड नव्हतंच. नर्सनं पोरीला उचललं आन् काट्यावर ठेवलं. पहिल्यांदा ती काट्यावर चढली ती तिथं. नर्सनं आकडा मोठ्यानं सांगितला. डॉक्टरनं लिहायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. मी आकड्याकडं ध्यान दिलं नाही. माझ्या डोक्यात एकच, तुला उष्टी झाली. तिसऱ्या दिवशी पोरगी गेली. चार वर्षं पुरी व्हायची होती.

तवापासून काटा म्हणजे मला तसलाच वाटायचा. त्याच्यावर चढलेलं माघारी येत नाही.

संक्रांतीच्या आधी ताईच्या वडलांचं ऑपरेशन निघालं. तिघं तीन आठवड्यांसाठी पुण्याला गेले. घराची किल्ली माझ्याकडं. पोरीनं मला सगळं दोनदा समजावलं. पाणी, अळ्या, पूड, चटईचं बटण बंद करायचं नाही. "आणि दर रविवारी वजन, मावशी. मी अकराला फोन करीन. आत्ता बारा ग्रॅम आहे. कमी झालं तर लगेच सांग, नाहीतर ती मरेल. मी येईपर्यंत सांभाळशील ना?"

"सांभाळीन," म्हणलं.

थंडी पडली होती. बंद घर गारठलेलं. मी संध्याकाळी जायची, अळ्या धरायची. पाल एखादी खायची, मंग तोंड फिरवायची. करवंटीत जाऊन बसायची.

पहिल्या ऐतवारी फोन वाजला. काटा वट्ट्यावरच होता. मी हात लावला नव्हता.

"किती, मावशी?"

"बाराच हाय."

"नक्की?"

"मी खोटं सांगते का?"

दुसऱ्या ऐतवारी म्हणलं, "तेरा वाटतंय." तिकडून पोरगी ओरडली, "आई, तेरा!" फोनमधून मला सगळं घर ऐकू आलं. मला बरं वाटलं. पेटीकडं बघितलं, पाल होती तशीच दिसली.

त्या बुधवारी करवंटी धुवायला उचलली. पाल आत मुटकुळं करून बसली होती, भोवती केवढी तरी जागा. मी मनाशी म्हणलं, बरं झालं, दुसरं घर करायला नको, हेच पुरतंय.

म्हणलं आन् हात तिथंच थांबला. पाडव्याचा झगा आठवला. शेजारणीला दाखवला होता तो.

मी खाली बसले. पालीची शेपूट बघितली. पोरीनं सांगितलं होतं, हिची ताकद शेपटीत असती, शेपूट जाड पाहिजे. ते पुण्याला गेले तवा पेन्सिलीएवढी जाड होती. आता वातीसारखी झाली होती. रोज बघत होते मी.

वाटी काट्यावर ठेवली. पोरगी करायची तसं बटण दाबून शून्य केलं. पाल उचलली, पळाली बी नाही, गार होती. डोळे मिटून घेतले मी, तिचे उघडे होते. मंग बघितलं. नऊ.

ऐतवाराची वाट बघितली नाही. भिंतीवर पुण्याचा नंबर लिहिला होता. फोन उचलायची सवय होती, लावायची नव्हती. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पोरगीच बोलली.

"बाय, नऊ हाय," म्हणलं. "बारा, तेरा मी खोटं सांगितलं. तोललंच नव्हतं."

  ती म्हणली, "का, मावशी?" शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं.

"मला भ्या वाटतं काट्याचं. माझी पोरगी होती," एवढंच म्हणलं. 

तिनं फोन साहेबाकडं दिला. साहेब रागावले नाहीत. एकेक विचारत गेले, कंपनीत मशीन बंद पडल्यावर विचारत असतील तसं.

"चटईचं बटण चालू आहे?"

"हाय. लाल दिवा लागलाय."

"काचेला खालून हात लावा."

"गरम हाय."

"आता आत हात घाला, ती बसते तिथं."

आत हात घातला. गोधडी गार.

"साहेब, गार हाय."

"तिथं काय आहे, मावशी?"

"माझी गोधडी हाय. तीन पदरी."

साहेब म्हणले, "मावशी, तिला स्वतःची ऊब नसते. पोट गरम काचेला टेकलं तरच खाल्लेलं पचतं. नाहीतर खाऊनही वाढत नाही. कापड काढून टाका. आमच्याही लक्षात आलं नाही, आम्ही रोज बघत होतो." मंग म्हणले, "तुमची एकट्याची चूक नाही."

एकट्याची नसंल. पण गोधडी माझी होती.

गोधडी काढली. काच एवढी तापलेली नव्हती की चटका बसंल, फडक्यात भाकरी ठेवल्यासारखी ऊब. पालीला तिथं ठेवलं. ती हळूहळू पसरली, पोट काचेला चिकटवलं, हनुवटी बी टेकवली. चार महिने तिला कुणी असं बसूच दिलं नव्हतं. मी दिलं नव्हतं.

मी तिथंच राहायला लागले, हॉलमध्ये सतरंजी टाकून. तीन दिवस तिनं काही खाल्लं नाही. रोज सकाळी तोलायची. साहेबानं आठवड्यातनं एकदाच सांगितलं होतं, पण मी रोज. नऊ. नऊ. एक दिवस आठ. त्या दिवशी मी बी काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी तिनं एक अळी घेतली, मंग दुसरी. ऐतवारी अकराला फोन आला.

"नऊ," म्हणलं. "खरं नऊ."

"पण कमी नाही ना झालं?"

"एक दिवस आठ झालं होतं. परत नऊ आलं."

"मग मरणार नाही ती," पोरगी म्हणली आन् रडली. मी नाही रडले. वट्टा पुसला.

पोरगी परत आली तवा पाल दहा भरली होती. पोरीनं पेटी बघितली, मंग वही माझ्यापुढं धरली. "तू लिही, मावशी. तू तोललंस." मी दुसरीपर्यंतच शिकलेली. एक आन् शून्य लिहिलं.

पाल जगली. वीतभर कवाच झाली नाही. तिच्या वाढीचे महिने गेले ते गेले, साहेब म्हणले, पुढं कितीबी घातलं तरी तेवढं भरून येत नाही. दोन वर्षांनी ते कुटुंब परदेशी गेलं, पाल साहेबाच्या मित्राला दिली. मला काटा देऊन गेले. माझ्या घरात तोलायला काय हाय?

एकदा पोरीनं विचारलं होतं, भांडी पुसता पुसता. "मावशी, तुझ्या मुलीचं वजन किती होतं?"

मी म्हणलं, "माहीत नाही, बाय." खोटं नव्हतं. नर्सनं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

संक्रांत आली की किराण्याच्या दुकानात गुळाच्या भेल्या येतात. दुकानदार तोलून ठेवतो, कुठली किती. मी लागतो त्याच्यापेक्षा मोठी भेली उचलते, पोटाशी धरते, जरा वेळ. मंग त्याच्याहून बारकी धरते. दुकानदार म्हणतो, "अम्मा, कितना होना?" 

किती पाहिजे ते मला सांगता येत नाही. पोरीचं वजन हातांना आठवंल म्हणून धरते. अजून आठवलं नाही. पावशेर घेऊन घरी येते.